फोन क्लॅम्पमध्येच ठेवावा की गाडीच्या स्क्रीनवर आणावा?

कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. माझी गाडी २०१५ सालची, लहान हॅचबॅक आहे. तिच्यात कंपनीने दिलेला साधा टेप आहे. म्हणजे रेडिओ, यूएसबी आणि ब्लूटूथवरून फोन घेण्याची सोय, याहून अधिक काही नाही. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा साताऱ्याहून पुण्याला जावे लागते आणि गेली कित्येक वर्षे एसीच्या जाळीत खोचलेल्या क्लॅम्पमध्ये फोन लावून, त्यावरचा नकाशा पाहत मी हा प्रवास करीत आलो आहे. रस्ता पाठ आहे, तरीही वारजे किंवा नवले पुलाच्या परिसरात वाहतूक कुठे तुंबली आहे हे आधी कळावे म्हणून नकाशा लागतोच.

गेल्या महिन्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडचा उतार उतरत होतो. बोगद्यात नकाशावरचा बाण नेहमीप्रमाणे जागच्या जागी थिजला होता, आणि बाहेर आल्यावर तो क्षणभर भलत्याच रस्त्यावर जाऊन उभा राहिला. नकाशा सरळ करावा म्हणून मी बोट पुढे केले, तेवढ्यात क्लॅम्पची पकड सुटली आणि फोन खाली पडून क्लचच्या मागे जाऊन बसला. मागे कंटेनर होता, पुढे तो सुप्रसिद्ध उतार होता आणि पायाखालून एक बाई अत्यंत शांतपणे 'डावी बाजू धरून चला' असे सांगत होत्या. खाली वाकण्याचा मोह आवरला, गिअर न बदलता केवळ ब्रेकवर वेग कमी करीत गेलो आणि सर्व्हिस रोडला जागा मिळाल्यावर थांबलो. काही झाले नाही. पण घरी पोहोचल्यावर हात थोडे थरथरत होते, हे कबूल करतो.

आता गाडीत नवी स्क्रीन बसवून घ्यावी, असा विचार आहे. दुकानदार ९ इंची 'अँड्रॉइड स्टिरिओ' अठरा हजारांत बसवून देतो म्हणतो. त्यात अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले दोन्ही चालतात, वायरशिवाय चालतात आणि 'व्हिडिओसुद्धा चालतो, मुलं खूश होतील' असेही त्याने सांगितले. माझे प्रश्न असे आहेत. फोन समोरच्या स्क्रीनवर आल्याने गाडी चालवणे खरोखर सुरक्षित होते, की लहान स्क्रीनऐवजी मोठ्या स्क्रीनकडे पाहण्याची सवय तेवढी लागते? वायरचे जोडावे की बिनवायरचे? आणि हीच गाडी अधूनमधून माझे वडील चालवतात. त्यांचे वय ६८ आहे. त्यांना हा प्रकार झेपेल का?

अक्षांश

सर्वप्रथम एक गल्लत दूर करतो, कारण दुकानात ती मुद्दाम केली जाते. 'अँड्रॉइड स्टिरिओ' आणि 'अँड्रॉइड ऑटो' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला एक टॅब्लेटच असतो. त्याची स्वतःची मेमरी असते, त्याच्यात स्वतंत्र ॲप टाकता येतात आणि त्यावर काय दाखवायचे याला फारसा धरबंध नसतो. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले यांत मात्र सगळे काम फोन करतो. गाडीची स्क्रीन ही केवळ फोनने पाठवलेले चित्र दाखवते आणि तुम्ही कुठे बोट लावले ते फोनला परत कळवते. म्हणूनच फोन अद्ययावत झाला की गाडीच्या स्क्रीनवरची मांडणीही बदलते, आणि फोन काढून घेतला की ती स्क्रीन पुन्हा साधा टेप होते.

हा फरक सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ॲपलने कारप्ले २०१४ साली आणला आणि गूगलने अँड्रॉइड ऑटो पुढच्या वर्षी वापरात आणले, तेव्हा दोघांचीही मूळ कल्पना अशी होती की लोक गाडीत फोन वापरणारच आहेत, तर निदान त्यातले मोजकेच ॲप आणि तेही ठरावीक साच्यात दिसावेत. नकाशा, गाणी, फोन आणि वाचून दाखवले जाणारे निरोप, एवढ्यांनाच प्रामुख्याने परवानगी असते. बटणे मोठी असतात, याद्या आखूड असतात आणि गाडी चालू असताना टंकलेखनाची सोय सहसा बंद होते. हा साचा इतका कडक होता की २०१८ पर्यंत कारप्लेवर ॲपलच्या स्वतःच्या नकाशाखेरीज दुसरा नकाशा चालतच नसे. त्या वर्षी आलेल्या आयफोनच्या आयओएस १२ या प्रणालीपासून गूगल मॅप्ससारख्यांना प्रवेश मिळाला. अनेकांना हे निर्बंध जाचक वाटतात. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेत किंमत मोजून घेण्यासारखी वस्तू तेवढी हीच आहे.

तुमच्या प्रसंगाबद्दल एक सांगतो. बोगद्यात बाण थिजतो, कारण फोनला उपग्रहाचा संदेश मिळत नाही. कंपनीने बसवलेल्या काही प्रणाली गाडीचा वेग आणि गाडीच्या अँटेनाने टिपलेले स्थान फोनला पुरवतात, त्यामुळे तिथे बाण अंदाजाने पुढे सरकत राहतो. बाजारातून बसवलेल्या स्क्रीनला बहुधा गाडीचा वेग कळतच नाही. तेव्हा अठरा हजार खर्चूनही कात्रजच्या बोगद्यात बाण थिजणारच, हे गृहीत धरा.

वळणावळणाने

वरच्या प्रतिसादातील माहिती बरोबर आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. मोठी बटणे आणि आखूड याद्या यांमुळे लक्ष विचलित होत नाही, असा समज ही साधने विकणाऱ्यांनी जोपासला आहे. ब्रिटनमधील टीआरएल या वाहतूक संशोधन संस्थेने आयएएम रोडस्मार्ट या संघटनेसाठी केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात आधीपासून या प्रणाली वापरणाऱ्या चालकांना सिम्युलेटरवर बसवले होते. कारप्ले स्पर्शाने वापरताना त्यांचा प्रतिसादाचा वेळ ५७ टक्क्यांनी वाढला, अँड्रॉइड ऑटो स्पर्शाने वापरताना ५३ टक्क्यांनी वाढला. केवळ आवाजाने आज्ञा दिल्या तेव्हा हे आकडे अनुक्रमे ३६ आणि ३० टक्के होते. तुलनेसाठी त्याच अहवालात दिलेला आकडा पाहा: तिथल्या कायदेशीर मर्यादेइतके मद्य घेतल्यावर ही वाढ १२ टक्के भरते.

टक्के डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून मीटरमध्ये मांडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एखाद्याला एक सेकंद लागतो असे धरले, तर स्पर्शाच्या नादात तेच अंतर जवळपास ३५ मीटर होते. वाढलेले हे १३ मीटर म्हणजे पुढे चाललेल्या ट्रकची अख्खी लांबी आहे. ज्या उताराचे वर्णन आपण केले आहे, तिथे १३ मीटर कुणाकडे शिल्लक असतात?

आणखी एक. आवाजी आज्ञांनी प्रश्न सुटतो, असेही मानू नये. अमेरिकेत एएए या वाहनचालकांच्या संघटनेच्या फाउंडेशनसाठी युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली जे प्रयोग केले, त्यांत असे आढळले की आवाजी आज्ञा देऊन झाल्यानंतरही चालकाचे मन पूर्णपणे रस्त्यावर परतण्यास काही प्रणालींच्या बाबतीत २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. आणि हे प्रयोग इंग्रजीत होते. आपल्याकडे 'वाठार' म्हटल्यावर वाठार स्टेशन की वाठार किरोली की कराडजवळचे वाठार, या चर्चेत फोनमधली आवाजी सहायिका आपल्याला किती वेळ गुंतवून ठेवते, हे ज्याचे त्याने मोजावे. मी एकदा 'आनेवाडी टोलनाका' एवढे शब्द चार वेळा, दर वेळी आवाज थोडा चढवून उच्चारले आणि पाचव्या वेळी माझ्याच लक्षात आले की समोरचा सिग्नल केव्हाच हिरवा झाला आहे.

अक्षांश

टीआरएलच्या आकड्यांबद्दल वाद नाही. पण ती तुलना कशाशी आहे, ते पाहिले पाहिजे. विचलित न होता गाडी चालवणे आणि प्रणाली वापरत गाडी चालवणे, यांची ती तुलना आहे. कृष्णाकाठ यांच्यापुढे तसा पर्याय नाही. ते आजच फोन वापरत आहेत, तोही सैल झालेल्या क्लॅम्पमध्ये. त्याच अहवालात फोन हातात धरून बोलताना ४६ टक्के वाढ दिलेली आहे. एएए फाउंडेशनचाच २०१८ सालचा दुसरा अभ्यास आहे. त्यात पाच गाड्यांमध्ये कंपनीची स्वतःची प्रणाली आणि कारप्ले व अँड्रॉइड ऑटो यांची तुलना केली होती. फोन लावण्याचे काम फोनवर आधारलेल्या प्रणालींनी सरासरी ५ सेकंद लवकर झाले आणि नकाशात ठिकाण घालण्याचे काम १५ सेकंद लवकर झाले. याचा अर्थ ते काम धावत्या गाडीत करावे असा मुळीच नाही. परिचयाची मांडणी असली की नजर लवकर रस्त्यावर परतते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

वळणावळणाने

पाच सेकंद 'लवकर' म्हणजे शिल्लक किती उरतात, हेही सांगावे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एका वेळी नजर दोन सेकंदांहून अधिक रस्त्यावरून हटू नये आणि एका कामासाठी सगळे मिळून १२ सेकंदांहून अधिक काळ ती हटू नये, असे म्हटले आहे. आपण सांगितलेल्या एएएच्या अभ्यासाच्या आकड्यांवरून हिशेब केला, तर १५ सेकंद वाचूनही ठिकाण घालण्याचे काम अर्ध्या मिनिटाच्या आसपास जाते. म्हणजे ते काम धावत्या गाडीत बसतच नाही, मग स्क्रीन कुणाचीही असो.

अक्षांश

या एका मुद्द्यावर आपले एकमत आहे असे समजतो. ठिकाण घालायचे ते गाडी उभी असतानाच.

तारजोड

गेली अठरा वर्षे गाड्यांचे टेप, कॅमेरे आणि सेन्सर बसवण्याचे काम करतो. प्रश्नकर्त्यांनी संशोधनाइतकेच लक्ष डॅशबोर्डच्या मागे काय होते त्याकडेही द्यावे, म्हणून लिहीत आहे.

स्क्रीनच्या मागून जो वायरींचा झुबका येतो, त्यात हँडब्रेकसाठी एक वेगळी वायर असते. ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते, म्हणजे हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसतो आणि काही सेटिंग उघडतात. प्रत्यक्षात बहुतेक दुकानांत ती वायर थेट बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडून टाकतात. पाच मिनिटांचे काम वाचते आणि गिऱ्हाईकही खूश होते, कारण गाडी धावत असतानाही स्क्रीनला वाटत राहते की गाडी उभीच आहे. 'व्हिडिओसुद्धा चालतो' असे दुकानदाराने सांगितले, त्याचा अर्थ बहुधा हाच आहे. तेव्हा ज्या निर्बंधांबद्दल वर चर्चा झाली, त्यांतला मोठा भाग एका वायरीवर अवलंबून आहे आणि ती वायर कुठे जाते ते बिलावर लिहिलेले नसते. गाडी ताब्यात घेताना हँडब्रेक खाली करून व्हिडिओ बंद पडतो का, हे स्वतः पाहावे. बंद पडत नसेल तर तिथेच उभे राहून वायर बदलून घ्यावी.

दुसरी गोष्ट, वायर कापू देऊ नये. तुमच्या मॉडेलची फ्रेम आणि कपलर, म्हणजे वायरींचे तयार जोड, बाजारात मिळतात. कपलरला कपलर जोडले की गाडीची मूळ वायरिंग शाबूत राहते आणि उद्या जुना टेप परत बसवायचा झाला तर तो बसतो. फ्रेम दुकानात नसेल तर दोन-चार दिवस थांबावे, पण 'लगेच करून देतो' म्हणून कापाकापी करू देऊ नये. पिवळी वायर कायम चालू असलेल्या बॅटरीच्या लाइनची, लाल वायर किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाइनची आणि काळी अर्थची, हा सर्वसाधारण नियम आहे. घाईत पिवळी आणि लाल एकत्र पिळून एकाच लाइनला जोडली, तर एकतर दर वेळी सगळ्या सेटिंग पुसल्या जातात किंवा गाडी बंद असतानाही स्क्रीन वीज खात राहते आणि चार दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी धक्का मारून सुरू करावी लागते. माझ्याकडे अशा गाड्या महिन्याला दोन तरी येतात.

वायरचे की बिनवायरचे, याबद्दल माझे मत वायरच्या बाजूने आहे. बिनवायरच्या जोडणीत आधी ब्लूटूथवर ओळख पटते आणि मग चित्र वायफायवरून जाते. जीपीएस, इंटरनेट आणि वायफाय एकाच वेळी चालू, त्यात फोन चार्जिंगच्या पॅडवर आणि वर काचेतून ऊन, म्हणजे फोन तापणारच. ॲपल स्वतःच आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा असे सांगते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतसुद्धा तेवढे तापमान असते. तापलेला फोन आधी चार्जिंग थांबवतो, मग स्क्रीन मंद करतो. वायर लावली की फोन एसीच्या झोतापाशी किंवा गिअरमागच्या खणात सावलीत ठेवता येतो. मात्र वायर डेटा वाहून नेणारी हवी. रस्त्यावर मिळणाऱ्या कित्येक स्वस्त वायरी केवळ चार्जिंगच्या असतात, आणि गिऱ्हाईक 'स्क्रीन खराब निघाली' म्हणून भांडायला येते तेव्हा निम्म्या वेळा दोष वायरीचा असतो.

शेवटचे म्हणजे ९ इंचांचा आग्रह धरू नका. आवाजाची फिरवण्याची कळ असलेली ७ इंची स्क्रीन घ्या. ९ आणि १० इंची स्वस्त नगांत सगळे काम बोटाने स्क्रीनवर करावे लागते, आणि काही गाड्यांत तर ती फ्रेम एसीच्या जाळीवर येते.

नेकारकाठ

जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळ राहतो, म्हणून इकडचा एक निकाल सांगण्याजोगा वाटतो. धावत्या गाडीत विद्युत उपकरण वापरायचे असेल तर ते हातात धरायचे नाही आणि नजर क्षणभरच वळवायची, असा नियम इथल्या वाहतूक कायद्यात २०१७ सालापासून आहे. टेस्लाच्या एका गाडीत पाऊस पडत असताना चालक वायपरचा वेग बदलण्यासाठी स्क्रीनवरच्या मेन्यूत गेला आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. कार्ल्सरुहे येथील उच्च प्रांतिक न्यायालयाने २०२० साली ठरवले की गाडीत कायमची बसवलेली स्क्रीन हेही या नियमाच्या दृष्टीने विद्युत उपकरणच आहे, मग त्यावरून वायपर का चालवेना. चालकाला २०० युरो दंड आणि एक महिना गाडी चालवण्यास मनाई झाली. बटण काढून टाकले गाडी बनवणाऱ्याने आणि दंड भरला चालकाने, ही गोष्ट मला तेव्हापासून खटकत आली आहे.

स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या नियतकालिकाने २०२२ साली केलेली चाचणीही याच मुद्द्याची आहे. आसनाची ऊब, रेडिओ, ट्रिप मीटर, स्क्रीनचा प्रकाश अशी चार साधी कामे ताशी ११० किलोमीटर वेगाने करायला लावली. २००५ सालच्या बटणांच्या व्होल्व्होत ती दहा सेकंदांत उरकली आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. स्क्रीनवर अवलंबून असलेल्या एका नव्या गाडीत ४४.९ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर गेली. आता गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र बटणे किंवा दांडे असावेत, अशी अट घातली आहे.

तेव्हा कृष्णाकाठ, तुमच्या जुन्या गाडीत एसीच्या फिरत्या कळा, वायपरचा दांडा आणि काचांची बटणे जागेवर आहेत, ही तुमची जमेची बाजू आहे. तुम्ही स्क्रीनवर फक्त फोन आणत आहात. नव्या गाड्यांत त्याच स्क्रीनवर एसीही गेलेला असतो आणि मग घाटात काच धुरकटली की नकाशा बाजूला सारून पंख्याचे चित्र शोधावे लागते.

फोनवर आधारलेल्या प्रणालीचा एक फायदा मात्र कुणी सांगितला नाही. गाडी पंधरा वर्षे टिकते आणि तिच्यातली कंपनीची प्रणाली पाच वर्षांत शिळी होते. फोन आपण तसाही बदलतो. नेमक्या याच कारणाने काही कंपन्यांना ही व्यवस्था नकोशी झाली आहे. बीएमडब्ल्यू काही काळ कारप्लेसाठी वार्षिक शुल्क घेत असे, ते तिने २०१९ च्या अखेरीस सोडून दिले. जनरल मोटर्सने २०२३ साली आपल्या यापुढच्या विद्युत गाड्यांतून कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो काढून टाकण्याचे जाहीर केले. स्क्रीनवर कुणाचे राज्य असावे, हा मूळ वाद आहे, कारण तुम्ही कुठे जाता आणि कसे चालवता ही माहिती त्याच वाटेने जाते. मोझिला फाउंडेशनने २०२३ साली गाड्यांच्या २५ ब्रँडची गोपनीयता धोरणे तपासली, तेव्हा त्यांतला एकही उत्तीर्ण झाला नाही.

एक घरगुती सूचना करून थांबतो. गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत करताना ब्लूटूथच्या यादीतून आपला फोन पुसून टाकावा. कारप्लेचे चित्र वायर काढली की जाते, पण ब्लूटूथने उतरवून घेतलेली नावे आणि क्रमांक गाडीत राहू शकतात. मागे भाड्याने घेतलेल्या एका गाडीत मला चार अनोळखी माणसांचे फोन आणि त्यांतल्या एकाच्या आईचा क्रमांक दिसत होता.

जुना परवाना

निवृत्तीपूर्वी वाहनचालन शिकवण्याचे काम करीत असे. केवळ वडिलांविषयी लिहितो.

वडील दुहेरी भिंगांचा चष्मा वापरतात का, ते आधी पाहावे. त्या चष्म्याच्या वरच्या भागातून लांबचे दिसते आणि खालच्या भागातून हातभर अंतरावरचे वाचता येते. डॅशबोर्डची स्क्रीन या दोहोंच्या मध्ये येते. माझ्याच बाबतीत असे होते की स्क्रीनवरचे अक्षर वाचण्यासाठी मला हनुवटी वर करावी लागते आणि तेवढ्यात रस्ता चष्म्याच्या खालच्या भिंगात जाऊन धूसर होतो. साठीनंतर डोळ्याला लांबून जवळ आणि पुन्हा लांब जुळवून घ्यायलाही वेळ लागतो. तरुण माणसाची क्षणभराची नजर आमच्या वयात लांबते, आणि ते आम्हाला कळत नाही.

त्यांना नकाशा आवाजावर लावून द्यावा, मराठीतून लावावा आणि स्क्रीन काळी ठेवावी. गूगल मॅप्समध्ये मराठी आवाज आहे. शेजारी कुणी बसलेले असेल तर तो आवाजही नको, शेजाऱ्याने सांगावे. आमच्या वेळी त्याला क्लीनर म्हणत.

कायद्याविषयीही दोन ओळी. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार हातातले उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने वापरता येते. त्यापलीकडे धावत्या गाडीत फोन हातात असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ लागते. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. क्लॅम्पमध्ये लावलेला फोन नियमात बसेलही, पण तो पायाखाली गेला आणि आपण तो उचलायला वाकलात, तर पुढे नियम विचारायला वेळ मिळत नाही. आपण वाकला नाहीत, हे फार चांगले केलेत.

वळणावळणाने

'जुना परवाना' यांनी चष्म्याचा मुद्दा मांडला, तो मी वाचलेल्या एकाही अभ्यासात ठळकपणे आला नव्हता. माझा विरोध कायम आहे, परंतु स्क्रीन बसवायचीच असेल तर निरोप वाचून दाखवण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करा. व्हॉट्सॲपवरच्या कुटुंबाच्या गटातील सुप्रभात एकामागून एक मोठ्याने ऐकत खंबाटकी उतरणे, हा अनुभव कुणाला घ्यायचाच असेल तर गोष्ट वेगळी.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. सर्वांचे मनापासून आभार.

अठरा हजारांचा ९ इंची नग घेतला नाही. ज्यात स्वतःचे अँड्रॉइड नाही, केवळ फोनचे चित्र येते आणि डाव्या बाजूला आवाजाची फिरवण्याची कळ आहे, अशी ७ इंची स्क्रीन घेतली. फ्रेम यायला चार दिवस लागले, तेवढे थांबलो. बसवणाऱ्या मुलाला हँडब्रेकच्या वायरीबद्दल विचारले तेव्हा तो आधी हसला आणि म्हणाला, 'साहेब, आजवर कुणी हे मागितलं नाही. सगळे उलटंच मागतात.' मग गिअरच्या बाजूचे प्लॅस्टिक उघडून त्याने ती स्विचला जोडली. हँडब्रेक खाली केल्यावर व्हिडिओ बंद पडतो, हे दोनदा पाहून घेतले. माझ्या धाकट्या मुलाची यावर तीव्र नाराजी आहे.

फोन आता वायरने जोडून गिअरमागच्या खणात पालथा ठेवतो. पहिल्या दोन फेऱ्यांत स्क्रीनकडे बोट जाण्याची सवय वाढलीच होती, हे 'वळणावळणाने' यांच्यासाठी प्रामाणिकपणे नोंदवतो. मोठ्या नकाशावर आजूबाजूचे रस्ते दिसतात आणि ते सरकवून पाहावेसे वाटतात. म्हणून ठिकाण घरून निघतानाच घालतो आणि मध्ये काही बदलायचे झाले तर शिरवळच्या चहापर्यंत थांबतो. निरोपांचे वाचन बंद केले आहे.

वडिलांना दुहेरी भिंगांचाच चष्मा आहे. त्यांना शेजारी बसवून, गाडी उभी असताना स्क्रीनवरचे गावाचे नाव वाचायला सांगितले, तर त्यांनी नेमकी हनुवटी वर केली. त्यांच्यासाठी मराठी आवाज लावून दिला आणि स्क्रीन काळी ठेवली. परवा ते एकटे वाईला जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, 'बाई चांगल्या आहेत, पण पाचवडचा फाटा आल्यावर सांगतात. मला तो आधीच दिसला होता.'